मधली पानं

मुलगा झाला आणि मी पुस्तकं शेवटाकडून वाचायला लागले. त्याआधी मी अशी नव्हते. शेवट आधी वाचून टाकणाऱ्या एका मैत्रिणीशी मी कॉलेजात आठवडाभर अबोला धरला होता. पण बाळ तीन महिन्यांचं असताना एका कादंबरीत, अगदी निम्म्यावर, कसलीही चाहूल न देता एक पोर पाण्यात पडलं, आणि मी पुस्तक मिटून पाळण्यापाशी जाऊन उभी राहिले. त्याचं पोट वर-खाली होतंय ना, एवढंच बघायला. अर्धा तास बघत होते.

तेव्हापासून पुस्तकात मूल दिसलं की आधी शेवटचं पान. तिथे त्याचं नाव सापडलं तर ते वाचलं. मग ते नाव बोटाने मागे मागे शोधत यायचं, धान्यातले खडे निवडावेत तसं. कुठे ताप आहे का, कुठे रस्ता ओलांडायचाय का, कुठे आई जरा वेळ दुसरीकडे बघतेय का. सगळं ठीक दिसलं तर मग पहिलं पान. नवरा म्हणायचा, पोराला द्राक्षाचे चार तुकडे करून देतेस ते ठीक, आता पुस्तकंही चिरायला लागलीस. हसण्यावारी न्यायचा तो. मी मात्र हसत नव्हते, मला खरंच त्याशिवाय वाचता येत नव्हतं.

आणि माझं कामच पुस्तकांचं. मी वाचनालयात बालविभाग बघते, अकरा ते पाच. आमच्याकडे दारातून आत शिरलं की एक लाकडी मांडणी दिसते, 'आमची आवड' अशी पाटी असलेली. काम करणाऱ्या प्रत्येकाला तिच्यातली एक फळी दिलेली आहे. आपल्याला आवडलेली पुस्तकं, सिनेमाच्या डिस्क तिथे ठेवायच्या आणि प्रत्येक वस्तूला कार्ड अडकवायचं: हे का वाचावं, हे का बघावं, चार ओळींत, स्वतःच्या अक्षरात. टाइप केलेलं चालत नाही. ग्रंथपाल मॅडमचं म्हणणं असं की छापील कौतुक कुणी वाचत नाही, अक्षर दिसलं की माणूस थांबतो. खाली नाव नसतं, फक्त विभाग.

सिनेमांची फळी ज्याची, त्याला आम्ही सगळे पडदा म्हणतो. पन्नाशीचा, एकटा राहणारा, जगातली कुठलीही गोष्ट त्याने आधी पडद्यावर पाहिलेली असते. त्याची कार्डं एका ओळीची. 'रुमाल घेऊन बसा.' 'शेवटी कुणीच उरत नाही, तरी बघा.' लोक ती हसत हसत न्यायचे आणि सुजलेल्या डोळ्यांनी परत आणायचे.

माझ्या फळीवर हिरवा ठिपका आला तो एका गरोदर बाईमुळे. पुस्तक हातात धरून तिने हळूच विचारलं, यात बाळाला काही होतं का? मी म्हटलं, नाही, मी बघितलंय. तिचे खांदे असे खाली आले की मला माझेच दिसले. त्या दिवसापासून जे पुस्तक मी शेवटाकडून तपासलेलं असेल त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने ठिपका द्यायला लागले. कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. तरी दोन-तीन महिन्यांत वाचकांना कळलं. एक शिक्षिका यायची, तिच्या वर्गातला मुलगा अपघातात गेला होता. एक आजोबा नातवासाठी न्यायचे, म्हणजे तसं सांगायचे. कुणी काही विचारायचं नाही. ठिपका बघायचे आणि उचलायचे.

पडदा मला सेन्सॉरबाई म्हणायला लागला. त्याचं म्हणणं, मी लोकांना पुस्तकं देत नाही, उशा देते. मी म्हटलं, उशी लागते हो माणसाला. तो म्हणाला, लागते, पण झोपायला. मॅडम या भांडणात पडल्या नाहीत. माझी फळी सगळ्यांत लवकर रिकामी व्हायची, तेवढं त्यांना पुरे होतं.

मग ती बाई आली. तिला मी मनात पावणेतीनची बाई म्हणायचे. समोरच्या हॉस्पिटलात भेटायची वेळ तीनची, आणि ती बरोबर पंधरा मिनिटं आधी आमच्याकडे शिरायची. चाळिशीच्या अलीकडची, केस घाईत बांधलेले, खांद्याला एक फुगलेली कापडी पिशवी. पहिल्या दिवशी तिने फळीवरचं प्रत्येक कार्ड वाचलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, हे हिरव्याचं लोक सांगतात ते खरं का?

मी म्हटलं, खरं.

तिची मुलगी अकरा वर्षांची. रक्ताचं दुखणं, आठ महिने झाले होते. आता औषधं लागू पडत नव्हती, आणि डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला खोलीत बोलावून दार लावून ते सांगितलं होतं. हे सगळं तिने तिसऱ्या माणसाचं सांगावं तसं सांगितलं, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत. मग म्हणाली, "तिला आम्ही काही सांगितलेलं नाही, ताई. तेव्हा पुस्तकाने सांगायला नको."

रोज तीन ते चार ती मुलीला मोठ्याने वाचून दाखवायची. सुया, तपासण्या, उलट्या, सगळं त्या तासाच्या आधी किंवा नंतर. दिवसातला तो एकच तास ती आजारी नसते, असं ती म्हणाली. तो तास सांभाळायला तिला पुस्तकं हवी होती. ज्यात कुणी खाटेवर पडलेलं नाही, कुणाचे केस जात नाहीत, कुणी आकाशातल्या ताऱ्याकडे बोट दाखवत नाही.

मी तिला नऊ पुस्तकं दिली. इतक्या काळजीने मी माझ्या परीक्षेचाही अभ्यास केला नव्हता. एकातला आजारी कुत्रासुद्धा मला चालला नाही. मुलगी मात्र कडक परीक्षक निघाली. प्रत्येक पुस्तकाला दहापैकी गुण द्यायची आणि आईजवळ माझ्यासाठी निरोप पाठवायची. मांजरं पुरे झाली म्हणावं. एका गोष्टीतल्या आजोबांना तिने शून्य दिलं, कारण ते सारखे बरोबरच असतात. एकदा निरोप आला की तुमच्या पुस्तकांत कुणालाच काही कसं होत नाही? आई हसत होती सांगताना. मीही हसले, आणि पुढच्या वेळी मुद्दाम एका मुलाचा हात मोडतो असं पुस्तक दिलं. त्याला आठ गुण मिळाले. त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही, पण कुठलंही नवीन पुस्तक हातात आलं की ती याला किती देईल, हे माझ्या डोक्यात आधी यायचं.

दहाव्या पुस्तकाच्या दिवशी माझ्या मुलाला ताप होता. सकाळी निघताना शंभर. सासूबाई म्हणाल्या, जा तू, मी काय चार पोरं अशीच मोठी केली का? मी गेले, आणि अकरापासून दर वीस मिनिटांनी फोन करत राहिले. एकदा एकशे एक. एकदा दूध प्यायला नाही. एकदा फोन उचललाच नाही, आणि उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, अगं अंगावर झोपलाय तो माझ्या, हात कुठून आणू?

पुस्तक नव्याने आलेल्या गठ्ठ्यातलं होतं. नदीवर होडी चालवणारं एक कुटुंब, आणि पलीकडच्या काठावर माणूस दिसला की घंटा वाजवणारी त्यांची दहा वर्षांची मुलगी. मी शेवटचं पान उघडलं. तिचं नाव दोनदा होतं. ती धक्क्यावरून धावत खाली येते, बाप तिला उचलून घंटेच्या दोरीपर्यंत नेतो. मी बोट ठेवून मागे आले. मध्ये काही पानांवर नाव नव्हतं, बापाचं आणि नदीचंच चाललं होतं. मग पुन्हा अधूनमधून नाव, मग पहिल्या अर्ध्यात पानापानावर. इतक्यात फोन वाजला, एकशे दोन. मी कार्ड लिहिलं, 'घंटा वाजवणारी ही मुलगी तुमच्या घरी राहायला येईल', कोपऱ्यात ठिपका दिला आणि पावणेतीनला ते तिच्या हातात ठेवून मॅडमना विचारून घरी पळाले.

दहा वर्षांच्या मुलीला बाप घंटेच्या दोरीपर्यंत उचलतो कशाला, हे माझ्या मनात आलं नाही. तिचा तर हात पोचायचा. पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं होतं.

माझा मुलगा तिसऱ्या दिवशी बरा झाला. साधा सर्दीताप. ती बाई मात्र येईना. आठवडा गेला. मी हॉस्पिटलच्या फाटकाकडे बघत बसायचे, आणि नको ते मनात आलं की उठून पुस्तकं लावायचे. बाराव्या दिवशी ती आली. पावणेतीनला नाही, साडेचारला, म्हणजे तो तास संपल्यावर. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि समोरच्या लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे वर आले होते. मी मोठी खुर्ची आणायला उठले तर हातानेच नको म्हणाली.

तिने जे सांगितलं ते असं. तिसऱ्या दिवशी वाचता वाचता पान उलटलं, तर नदीला पूर आलेला, मुलीने घंटा वाजवलेली, आणि पुढच्या परिच्छेदात आई तिचा फ्रॉक घडी करून पेटीत ठेवतेय. गेली असं कुठे म्हटलेलंसुद्धा नव्हतं. ठिपका होता म्हणून तिने कधी पुढचं वाचून ठेवलेलं नसायचं. ती थांबली, आणि तोंडाला येईल ते बोलत सुटली. ती मुलगी मावशीकडे गेली, शाळेसाठी. मग तीन दिवस ती समोरच्या पानावर डोळे ठेवून मनातून मावशीच्या घरची गोष्ट सांगत राहिली. चांगली जमली म्हणाली. मावशीला तिने पोपट दिला. मुलगी गप्प ऐकत होती. शेवटचं पान आलं तेव्हा आईला वाटलं, सुटलो, इथे तर नाव आहे, आणि ते पान तिने जसंच्या तसं वाचलं. बाप तिला उचलून दोरीपर्यंत नेतो.

मुलीने विचारलं, आई, ती लहान कशी झाली?

आईने काहीतरी सांगितलं. मग ती औषधांच्या खिडकीवर चिठ्ठी घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा पुस्तक मुलीच्या पोटावर उघडं होतं, पुराच्या पानावर. त्या घरी पुढे दुसरी मुलगी होते. तिला पहिलीचं नाव ठेवतात. मधल्या चार पानांत सगळं होतं.

"मला वाटलं रडेल," ती म्हणाली. "रडली नाही. म्हणाली, तू हे वगळलंस म्हणजे तुला माहीत आहे. पुस्तकाचं नव्हती बोलत ती, ताई."

त्या दिवसापासून मुलगी वाचू देत नव्हती. तीन वाजले की भिंतीकडे तोंड करायची. आई शेजारी बसायची, तास भरायचा, चार वाजता उठायची. बोलणं औषधांपुरतं. आई एकदा म्हणाली की अगं तसं काही नाही. मुलीने वळूनही पाहिलं नाही.

मी माझी चूक सांगायला लागले. नाव, बोट, ताप, फोन. माझा आवाज चढत होता आणि बालविभागातली दोन मुलं आमच्याकडे बघायला लागली होती. तिने मला मधेच थांबवलं. तुमच्यावर राग नाही माझा, म्हणाली, राग करायला लागतो तेवढा वेळ नाही माझ्याकडे. तिला आणखी एक पुस्तक हवं होतं.

"आता मला असं द्या ज्यात सांगतात," ती म्हणाली. "आई सांगते, बाप सांगतो, कुणी पण. नुसतं मरतं असलं नको. सांगतात कसं ते पाहिजे. मला येत नाही हो. मी रोज ठरवून जाते आणि तोंड उघडलं की विचारते, मोसंबी सोलू का?"

मी मागे वळून माझ्या फळीकडे पाहिलं. तिथे असं एकही पुस्तक नव्हतं. अडीच वर्षं मी तेच तर केलं होतं, असं प्रत्येक पुस्तक बोटाने शोधून बाजूला काढलं होतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

पडद्याला विचारलं. मला वाटलं तो म्हणेल, आता आलात का. तसं तो काही म्हणाला नाही. चष्मा काढून पुसत राहिला. "मरतात खूप, सेन्सॉरबाई," तो म्हणाला. "पण सांगत कुणीच नाही. सांगायची वेळ आली की कॅमेरा खिडकीबाहेर जातो. झाडं दाखवतात. इतकी वर्षं मी ती झाडं बघून रडतोय, आणि आत काय बोलले ते मला माहीतच नाही, हे आज तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं." मग तो स्वतःच्या फळीपाशी जाऊन एकेक डिस्क हातात घेऊन परत ठेवत राहिला, बराच वेळ.

मी पुस्तकं काढली. एका दुपारी सुट्टी घेतली, मुलगा झोपल्यावर त्याच्या शेजारी बसून वाचली, पहिल्या पानापासून, काहीही न तपासता. मूल आजारी पडणार हे दिसायचं आणि मी पान उलटायचे. पडदा म्हणाला तेच पुस्तकांतही होतं. आई दाराशी येते, एक ओळ कोरी सुटते, आणि पुढे सकाळ झालेली असते. कोऱ्या ओळीत सगळं उरकलेलं. लिहिणाऱ्यांनाही येत नव्हतं.

चौथ्या दिवशी तळघरात सापडलं. वाचनालयातून काढून टाकायच्या पुस्तकांचा ढीग तिथे असतो. वीस वर्षांत कुणी न नेलेलं, पाठीचा डिंक सुकलेलं एक बारीक पुस्तक. एक गवंडी आणि त्याचा आजारी मुलगा. तिथे कोरी ओळ नव्हती. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, अर्ध्या पानात, बाप सांगतो. मी जिन्यातच बसून ते तीनदा वाचलं. मग घरी फोन केला आणि सासूबाईंनी काय गं विचारलं तेव्हा काही नाही म्हणून ठेवला.

मंगळवारी पावणेतीनला मी ते तिला दिलं. कार्ड लिहिलं नव्हतं. तिने उभ्याउभ्याच विचारलं, कुठल्या पानावर? मी सांगितलं. ती तेच पान काढायला लागली तसा मी तिच्या हातावर हात ठेवला.

"एकदम तिथे नका जाऊ," मी म्हटलं. "सुरुवातीपासून वाचा, ताई. ते दोघं तिच्या ओळखीचे होऊ देत. नाहीतर ते नुसतं बोचेल. पुस्तक बारीक आहे, रोज तासभर वाचलंत तर चार दिवस."

ती म्हणाली, चार?

मी म्हटलं, शुक्रवारी पोचाल.

तिने मान हलवली आणि पुस्तक पिशवीत टाकलं. मी एवढ्या ठामपणे बोलले की तिने पुन्हा विचारलं नाही. पुस्तक कसं वाचावं हे मला कळतं, असं तिला वाटत होतं. मलाही.

बुधवारी ती पाच मिनिटं डोकावून गेली. आदल्या दिवशी मुलगी भिंतीकडेच तोंड करून होती, पण गवंडी पहिली भिंत वाकडी बांधतो आणि मालक येण्याआधी तिला टेकून उभा राहतो, त्या जागी ती वळली होती. गवंड्याला सहा गुण. सहा म्हणजे तिच्याकडून पुष्कळ, असं आई म्हणाली. त्या दिवशी तिचे केस नीट विंचरलेले होते. मी तिला विचारलं, कुठवर आलात? बावीस, म्हणाली. मी मनात हिशेब केला आणि बरोबर चाललंय असं तिला सांगितलं.

गुरुवारी ती आली नाही, पण यायचं कारणही नव्हतं. शुक्रवारी पावणेतीन ते तीन मी खिडकीशी उभी होते. तीन ते चार मी माझ्या जागेवर बसून त्यांच्याबरोबर पानं उलटत होते. आता सत्त्याऐंशी. आता. चारला मला इतकं थकायला झालं की मॅडमनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, अगदी.

ती त्यानंतरच्या गुरुवारी आली. सकाळी, वाचनालय नुकतंच उघडलेलं असताना. बरोबर तिचा नवरा होता, तो आत आला नाही, दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तिच्या हातात ते एक पुस्तक होतं, पिशवी नव्हती. मला कळलं. तरी मी उठून म्हटलं, या, आणि मोठी खुर्ची पुढे केली. ह्या खेपेला ती त्या खुर्चीवर बसली.

शुक्रवारी पहाटे, म्हणाली. गुरुवारी दोघी एकसष्टाव्या पानावर थांबल्या होत्या. अजून दहा मिनिटं होती, पण मुलीला झोप येत होती. म्हणाली, उरलेलं उद्या. बरं झोप, असं म्हणून हिने पुस्तक मिटलं.

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "म्हटलं ते पान येईल तेव्हा त्याच्या आडून बोलू. तीसुद्धा वाट बघत होती, मला वाटतं. एकदा म्हणाली, हा सांगणार का त्याला? मी म्हटलं, वाचू की आपण, कळेल."

चार दिवस मीच दिले होते. मी, जिने या शोधाआधी अडीच वर्षं एकही पुस्तक सरळ वाचलं नव्हतं, मी तिला सांगितलं होतं की सुरुवातीपासून वाचा.

ती पुस्तकाकडे बघत होती. उघडत नव्हती. मग म्हणाली, "काय म्हणतो तो?"

मी म्हटलं, ताई, घरी घेऊन जा, तुमच्याकडेच ठेवा हे, तसंही ते काढून टाकायचं होतं. तिने ऐकलंच नाही. "तुम्ही सांगा," म्हणाली. "शब्द काय आहेत?"

मला ते पाठ होतं. मी सांगितलं. मुलगा विचारतो, मी मरणार का? बाप म्हणतो, हो. मुलगा विचारतो, लवकर? बाप म्हणतो, हो रे. मग दोघं गप्प बसतात. मग बाप विचारतो, पाणी देऊ? मुलगा म्हणतो, दे. तो पाणी पितो, आणि पेला परत देताना म्हणतो, तू जाऊ नको. बाप म्हणतो, मी कुठे जातोय?

ती पुढचं ऐकायला थांबली. पुढे त्या पानावर काही नव्हतं.

"एवढंच?" तिने विचारलं.

मी म्हटलं, एवढंच.

दारातून नवऱ्याने एकदा आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे वळला. पडदा त्याच्या फळीशी पाठमोरा उभा होता, हातात एक डिस्क, ठेवायची विसरलेली.

"एवढं तर मला आलं असतं," ती म्हणाली. मोठ्याने नाही. मला दोष द्यायलाही नाही. एखाद्या बंद दारापाशी तासन्‌तास उभं राहावं आणि मग कळावं की कडी लावलेलीच नव्हती, तशी ती माझ्याकडे बघत होती. "हो म्हणायचं आणि पाणी द्यायचं. एवढं आलं असतं की हो मला."

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, माझ्या बाजूला थोडं सरकवलं, आणि उठली. मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले. नवऱ्याने तिचा दंड धरला. पायऱ्या उतरताना तिने त्याला काहीतरी सांगितलं, मला वाटतं ते अर्धं पानच सांगितलं असावं, कारण तो खालच्या पायरीवर थांबला, आणि मग दोघंही तिथेच, लोकांच्या येण्याजाण्यात, पायरीवर बसली. माणसं त्यांना वळसा घालून आत येत होती. एका बाईने आत येऊन मांडणीपाशी कार्डं वाचायला सुरुवात केली, आणि माझ्याकडे वळून विचारलं की यातलं हलकंफुलकं कुठलं, मन रमेल असं. मला एकही सांगता आलं नाही.